डावी की उजवी? ब्रेस्ट कॅन्सरचं रेडिएशन आणि वीस वर्षांनंतरचं हृदय

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी. बोलताना आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



आजचा विषय जरा जड आहे, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरातला आहे. ब्रेस्ट कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या बाईच्या हृदयाचं पुढे काय होतं? पुढे म्हणजे महिन्याभराने नाही. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी.

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करतो. एक, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर सर्व्हर आणि लॉग बघतो. हा विषय मी घरच्या कारणामुळे वाचायला घेतला, ते कारण पुढे सांगतोच. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. तुमच्या आईचं, मावशीचं, बहिणीचं रेडिएशन आत्ता चालू असेल, तर हा एपिसोड ऐकून ते थांबवू नका. थांबवण्यात किती नुकसान आहे त्याचे आकडेसुद्धा मी देणार आहे. मधेच बंद करून जाऊ नका, एवढीच विनंती.

भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला साधारण १ लाख ९२ हजार नव्या केसेस. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात नाहीतर सोसायटीत कुणीतरी आहेच.

हृदय मधे येतं कुठे?

रेडिएशनला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट म्हणतं. ऑपरेशनमध्ये गाठ निघते, पण डोळ्याला न दिसणाऱ्या काही पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. त्या मारण्यासाठी छातीच्या त्या भागावर किरण देतात. पूर्वी पाच आठवडे रोज जावं लागायचं, २५ वेळा. आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत १५ वेळा देतात, आणि काही रुग्णांना आठवड्याभरात ५ वेळाच.

किरणांचा डोस मोजायचं एकक आहे ग्रे. शरीराच्या एका किलो भागात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. जुन्या पद्धतीत स्तनाला एकूण ५० ग्रे द्यायचे, नव्या तीन आठवड्यांच्या पद्धतीत ४०.

आता छातीवर हात ठेवून बघा. हृदय बरगड्यांच्या मागे, मधोमध पण डावीकडे कललेलं. किरण छातीच्या बाजूने, स्तनाला चाटून जातील असे तिरके सोडतात. तरी डाव्या बाजूला उपचार असेल, तर हृदयाचा पुढचा काठ त्या पट्ट्यात येऊ शकतो. आणि नेमकी त्याच काठावरून एक मोठी रक्तवाहिनी खाली उतरते. डॉक्टर तिला एलएडी म्हणतात. आपल्या ओळखीत कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर हे नाव तुम्ही ऐकलं असेल, कारण ब्लॉकेज बऱ्याचदा तिथेच निघतं.

किरणांनी रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं. तिथे सूज येते, मग हळूहळू ते जाड आणि कडक होत जातं, चरबी साचायला जागा मिळते. हे सगळं इतक्या सावकाश चालतं की बाईला काही जाणवत नाही. शेवटच्या शेकाच्या दिवशी ईसीजी नॉर्मल. पुढच्या वर्षीही नॉर्मल. पाच वर्षं झाली, कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं, छान, आता वर्षातून एकदा या. आणि मग ते एकदासुद्धा बंद होतं.

हे कळलं कसं?

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण ही सरळ सरळ डीबगिंगची गोष्ट आहे.

१९८७ साली ब्रिटनच्या जॅक क्युझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिएशनच्या जुन्या चाचण्या एकत्र करून बघितल्या. पहिली दहा वर्षं रेडिएशन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या मृत्यूंमध्ये फारसा फरक नव्हता. पण दहा वर्षांनंतर जगलेल्या बायकांमध्ये रेडिएशन घेतलेल्यांचे मृत्यू जास्त दिसायला लागले. कॅन्सर तर नीट आटोक्यात होता, मग हे मृत्यू कशाचे? १९९४ मध्ये त्याच गटाने मृत्यूची कारणं वेगळी काढली, तेव्हा उत्तर निघालं, हृदयविकार.

पण इथे एक अडचण आहे. रेडिएशन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असतात. कुणाचा आजार जास्त पसरलेला, कुणाचं वय जास्त. मग तुलना कशाशी करायची? आपल्या फील्डमध्ये आपण ए-बी टेस्ट करतो. अर्ध्या लोकांना एक स्क्रीन, अर्ध्यांना दुसरी, बाकी सगळं सारखं. इथे ती टेस्ट निसर्गानेच करून ठेवली होती. गाठ डाव्या बाजूला होणार की उजव्या, याचा त्या बाईच्या बीपीशी, खाण्यापिण्याशी, पैशाशी काही संबंध नसतो. पण रेडिएशन डावीकडे दिलं तर हृदयाला डोस जास्त, उजवीकडे दिलं तर कमी. बस, डावीच्या आणि उजवीच्या बायकांची तुलना करा.

२००५ साली सारा डार्बी यांच्या गटाने अमेरिकेतल्या ३ लाखांहून जास्त बायकांच्या नोंदींवर हे केलं. १९७३ ते १९८२ मध्ये निदान होऊन रेडिएशन घेतलेल्या बायका बघितल्या. पहिल्या दहा वर्षांत हृदयविकाराने होणारे मृत्यू डावीवाल्यांमध्ये उजवीवाल्यांच्या १.२० पट. दहा ते चौदा वर्षांनी १.४२ पट. पंधरा वर्षांनंतर १.५८ पट. आणि रेडिएशन न घेतलेल्या बायकांमध्ये डावी-उजवीने जवळजवळ काही फरक पडला नाही. म्हणजे कारण रेडिएशनच.

त्या आकड्यांचा क्रम परत ऐका. १.२०, १.४२, १.५८. फरक वर्षांबरोबर वाढत गेलाय. आपल्याला वाटतं ना, की इतकी वर्षं झाली, आता कसली भीती? इथे उलटं आहे.

त्यात एक चांगली बातमीही होती. १९८३ नंतर निदान झालेल्या बायकांमध्ये हाच फरक कमी होता. तंत्र सुधारत होतं.

जुन्या फायलींची किमया

पुढचा प्रश्न असा की नक्की किती डोसला किती धोका? याचं उत्तर २०१३ साली आलं, स्वीडन आणि डेन्मार्कमधून. पुन्हा डार्बी आणि त्यांचे सहकारी.

त्यांनी १९५८ ते २००१ या काळात रेडिएशन घेतलेल्या २,१६८ बायका घेतल्या. त्यातल्या ९६३ जणींना पुढे हार्ट अटॅक किंवा त्यासारखा मोठा त्रास झाला होता, १,२०५ जणींना नव्हता. मग प्रत्येकीचे रेडिएशनचे मूळ कागद काढले. १९५८ चे! कुठून किरण दिले, किती दिले, कोणत्या मशीनने. त्यावरून आजच्या सॉफ्टवेअरवर तो उपचार पुन्हा मांडून, त्या वेळी हृदयाला किती ग्रे मिळाले असतील हे काढलं.

त्या देशांमध्ये प्रत्येक नागरिकाला एक नंबर असतो, स्वीडनमध्ये १९४७ पासून, डेन्मार्कमध्ये १९६८ पासून. त्यामुळे कॅन्सरची नोंद, हॉस्पिटलची नोंद, मृत्यूची नोंद, सगळं एकमेकांना जोडता आलं. आज जगातला कोणताही डॉक्टर रेडिएशनचं प्लॅनिंग करताना हृदयाचा जो आकडा बघतो, त्याच्या मागे कुणीतरी पन्नास वर्षं न फेकलेले कागद आहेत.

निष्कर्ष काय? हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या प्रत्येक एका ग्रेमागे मोठ्या हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. वाढ सरळ रेषेत. इथपर्यंत बिनधास्त आणि इथून पुढे धोका, अशी कुठलीही सुरक्षित मर्यादा सापडली नाही. वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि किमान वीस वर्षं चालू राहते. त्या बायकांमध्ये डावीवाल्यांच्या हृदयाला सरासरी ६.६ ग्रे मिळाले होते, उजवीवाल्यांना २.९.

आता घाबरायच्या आधी हिशोब

आता हा ७.४ चा आकडा व्हॉट्सॲपवर गेला तर काय होईल, तुम्हाला माहितीये. "रेडिएशनने हार्ट अटॅक!" आणि खाली हात जोडलेले तीन इमोजी. म्हणून आपण नीट हिशोब करू.

७.४ टक्के वाढ म्हणजे कशावर वाढ? मूळ धोक्यावर. त्याच अभ्यासात उदाहरण दिलंय. पन्नाशीची बाई, हृदयाचा आधीचा काही त्रास नाही, बीपी-शुगर नाही. अशा १,००० बायका घ्या. रेडिएशन नसतं तर ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यातल्या ४५ जणींना हार्ट अटॅकसारखा त्रास झाला असता. हृदयाला सरासरी ३ ग्रे मिळाले, तर ५४ जणींना होईल. म्हणजे हजारात ९ जास्त. हृदयविकाराने मृत्यू १९ च्या जागी २४, म्हणजे ५ जास्त.

आता दुसरं पारडं. २०११ मध्ये १७ चाचण्यांमधल्या १०,८०१ बायकांचा एकत्रित अभ्यास आला. या बायकांचा स्तन वाचवून फक्त गाठ काढली होती. रेडिएशन न घेतलेल्या हजारातल्या ३५० जणींना दहा वर्षांत कॅन्सर परत आला, घेतलेल्या हजारातल्या १९३ जणींना. पंधरा वर्षांत ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू हजारी २५२ वरून २१४ वर आले. ३८ जणी वाचल्या. आणि कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू, म्हणजे हृदयविकारसुद्धा धरून, हजारी ३७६ वरून ३४६ वर आले.

हे दोन्ही हिशोब वेगवेगळ्या अभ्यासांतले, वेगवेगळ्या बायकांचे आहेत, त्यामुळे एकातून दुसरं वजा करू नका. पण अंदाज येतो ना? रेडिएशन ज्या बाईला गरजेचं आहे तिच्यासाठी ते नाकारणं हा महागात पडणारा सौदा आहे. काही जणींना मात्र त्याची गरज कमी असते. ६५ च्या पुढचं वय, छोटी गाठ, काखेतल्या गाठींमध्ये पसरलेला नाही, हार्मोनच्या गोळ्या नियमित चालू, अशा रुग्णांना रेडिएशन न देताही दहा वर्षांनी जगण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं, असं २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. कॅन्सर त्याच स्तनात परत येण्याचं प्रमाण मात्र वाढलं, ०.९ टक्क्यांऐवजी ९.५ टक्के. तेव्हा हा निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा असतो, फॉरवर्ड वाचून नाही.

हे सगळं पन्नाशीच्या, बाकी तब्येत चांगली असलेल्या बाईचं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आधीपासून असेल तर मूळ आकडाच मोठा असतो, त्यामुळे त्यावरची वाढही मोठी होते. तंबाखूचंही तसंच. २०१७ च्या एका विश्लेषणात आजच्या रेडिएशनमुळे हृदयविकाराने मरण्याचा वाढीव धोका सिगारेट न ओढणाऱ्या बायकांमध्ये साधारण ०.३ टक्के निघाला आणि वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांमध्ये साधारण १ टक्का. तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कोण बाई सिगारेट ओढते? ठीक आहे. पण मिश्री? सकाळी उठून मिश्री लावणाऱ्या आज्या, काकू तुमच्या ओळखीत नाहीत का? तंबाखू कुठल्याही रूपात हृदयाच्या भल्याची नाही.

आमच्या घरची गोष्ट

आता ते कारण. माझी आत्या. तिला २००९ मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांची असताना ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, मग शेक. ती बरी झाली. आमच्या घरात त्यानंतर "कॅन्सर" हा शब्दच बंद झाला. बोललं तर परत येईल, असं काहीतरी. "तेव्हाचं ते" म्हणायचे सगळे.

दोन-तीन वर्षांपूर्वी तिला जिना चढताना दम लागायला लागला. मग छातीत जड वाटायला लागलं. आधी ॲसिडिटी झाली, मग वय झालं, मग गुडघ्यांमुळे चालणं कमी झालंय म्हणून असेल. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी होतो, आत्या होती, वहिनी होती, म्हणजे आत्याची सून. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं. बीपी? नाही. शुगर? नाही. आधी काही मोठा आजार? आत्या गप्प. भाच्यासमोर कशाला बोलायचं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग वहिनीच हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, आईंना २००९ साली ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. शेक घेतलेत."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "कोणती बाजू?"

"डावी."

"किती डोस? कागद आहेत का?"

घरी गेल्यावर कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात बँकेची जुनी पासबुकं होती, लाइट बिलं होती, डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर रेडिएशनबद्दल एक ओळ, "उपचार पूर्ण." बाकीचे कागद कुठे गेले कुणाला माहीत नाही. जिथे शेक घेतले तिथे विचारलं, एवढी जुनी रेकॉर्ड आता नाहीत म्हणाले.

अँजिओग्राफी झाली. एलएडीमध्ये ब्लॉकेज निघालं, स्टेंट बसवला. आत्या आता ठीक आहे, रोज चालायला जाते, आणि मी तिला विचारूनच हे सगळं सांगतोय.

मी डॉक्टरांना विचारलं, हे रेडिएशनमुळेच झालं का? ते म्हणाले, "एका पेशंटकडे बघून मी तसं सांगू शकत नाही. बाई साठीच्या पुढच्या आहेत, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. शेक घेतले नसते तरी झालं असतं कदाचित. पण डाव्या बाजूला शेक झालेत हे मला आधी माहीत असतं, तर दम लागतो म्हटल्यावर मी ॲसिडिटीवर थांबलो नसतो."

हे मला पटलं. आकडे हजार बायकांबद्दल सांगतात, एकीबद्दल नाही. पण एकीबद्दल एक गोष्ट नक्की करता येते. ही माहिती तिच्यासोबत पुढे न्यायची. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे ती आहे, पण त्यांच्याकडे जाणं थांबलं. हृदयाच्या डॉक्टरांना गरज आहे, पण त्यांना माहीत नाही. मधली पंधरा-वीस वर्षं ती कुणीतरी सांभाळायची आहे, आणि तो कुणीतरी म्हणजे घरातला फोनवाला, म्हणजेच तुम्ही आणि मी.

आता काय बदललंय

आत्याच्या वेळेपेक्षा आज गोष्टी खूप सुधारल्यात. रेडिएशनच्या आधी सीटी स्कॅन काढतात. त्यावर डॉक्टर स्क्रीनवर हृदय आखून घेतात आणि फिजिसिस्ट किरणांचा प्लॅन असा बसवतात की स्तनाला पूर्ण डोस मिळेल पण हृदयाला कमीत कमी. प्लॅन तयार झाला की हृदयाला सरासरी किती ग्रे मिळणार, हा आकडा सॉफ्टवेअर आधीच सांगतं.

आणि एक युक्ती तर इतकी साधी आहे की हसू येतं. खोल श्वास घ्या आणि धरून ठेवा. छातीत हवा भरली की फुप्फुस फुगतं, पडदा खाली जातो, आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकतं. तेवढ्या वेळात किरण सोडायचे. पंधरा-वीस सेकंद श्वास धरायचा, सोडायचा, परत धरायचा. आधी सराव करून घेतात. याला डॉक्टर डीआयबीएच म्हणतात.

फरक किती पडतो? २८ देशांमधल्या प्रकाशित माहितीचा आढावा २०१५ साली आला. डाव्या बाजूच्या उपचारांत हृदयाला सरासरी ५.४ ग्रे मिळत होते. तिरके किरण अधिक श्वासावर नियंत्रण, अशा पद्धतीत ही सरासरी १.३ ग्रे होती. प्रोटॉन नावाची महागडी पद्धत ०.५ पर्यंत जाते, पण तशी केंद्रं भारतात मोजकीच आहेत. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की नेहमीच्या मशीनवर नुसत्या श्वासाच्या मदतीने आकडा इतका खाली येऊ शकतो. प्रत्येकीला ते जमतं किंवा लागतंच असं नाही. काखेतल्या किंवा छातीच्या हाडामागच्या गाठींनाही किरण द्यायचे असतील तर डोस वाढतो, आणि कधी ते गरजेचंच असतं.

आपल्या इंजिनिअर लोकांसाठी एक टीप. सरासरी फसवते. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान दिसतो आणि शंभरातला एक युजर मात्र दहा सेकंद वाट बघत बसलेला असतो. इथेही अख्ख्या हृदयाची सरासरी २ ग्रे असली, तरी पुढच्या काठावर, त्या एलएडीला, त्याच्या कितीतरी पट जास्त मिळालेले असू शकतात. म्हणून डॉक्टर नुसती सरासरी न बघता तेही बघतात. आपण विचारायला हरकत नाही.

तर करायचं काय?

उपचार अजून सुरू व्हायचा असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना शांतपणे चार प्रश्न विचारा. फोनमध्ये लिहून घेऊन जा, लाजू नका.

एक, प्लॅनमध्ये हृदयाला सरासरी किती डोस आहे, आणि एलएडीला किती?
दोन, श्वास धरून उपचार इथे होतो का? आईला त्याचा फायदा होईल का?
तीन, छातीच्या हाडामागच्या गाठींना किरण देणार आहात का? का?
चार, आधी झालेल्या केमोचा हृदयावर परिणाम होतो का? काही औषधं, विशेषतः ते लाल केमो, हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतात. म्हणून मधे मधे इको काढतात.

उपचार संपला की एक कागद मागून घ्या, उपचाराचा सारांश. त्यात बाजू, तारखा, एकूण डोस, किती वेळा दिला, हृदयाचा डोस आणि केमोची नावं असावीत. उशीर करू नका. आपल्याकडच्या २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार डॉक्टरांनी ॲडमिट पेशंटची रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायची असतात. तीन! आणि आपण बोलतोय वीस वर्षांचं. पण त्याच नियमांत हेही आहे की पेशंटने किंवा त्याच्या माणसाने रेकॉर्ड मागितली तर ७२ तासांत द्यायची. तेव्हा आजच लेखी अर्ज करा, पोच घ्या.

मिळालेल्या कागदाचा फोटो काढा, तो ड्राइव्हवर टाका, घरातल्या दोघांना तरी पाठवा, आणि एक प्रिंट फाइलमध्ये. फोटोला नाव द्या, "आई रेडिएशन २०२४ डावी बाजू" असं. नुसतं आयएमजी अमुकतमुक राहिलं तर पंधरा वर्षांनी कुणाला सापडणार नाही.

उपचार होऊन वर्षं लोटली असतील, आत्यासारखी, तर हे करा. वर्षातून एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल. २०२२ मध्ये युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने कॅन्सर रुग्णांच्या हृदयासाठी पहिल्यांदाच स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही दरवर्षी हृदयाच्या धोक्याचा आढावा घ्यायला सांगितलंय. तंबाखू, मिश्री बंद. रोजचं चालणं चालू. आणि नव्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी सर्दीसाठी, तर हिस्टरी विचारल्यावर "शेक घेतलेत, अमुक साली, अमुक बाजू" हे वाक्य आलंच पाहिजे.

लक्षणं म्हणजे छातीत दुखणं, जड वाटणं, दम लागणं, पायाला सूज, धडधड. बायकांमध्ये कधी छातीत दुखतच नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, नुसता थकवा येतो. त्यामुळे ॲसिडिटी म्हणून सोडून द्यायचं नाही. अचानक जोरात झालं तर गुगल करत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि एक शेवटचं, मुलग्यांसाठी. आपल्या घरात हा आजार बायकांनी बायकांमध्ये बोलायचा असतो. मुलगा हॉस्पिटलच्या बाहेर उभा, बिल भरायला आणि गाडी चालवायला. अरे, आत जा. आईला कोणत्या बाजूला उपचार झाला हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. उद्या तिला बोलता येत नसेल, ती इमर्जन्सीत असेल, तर डॉक्टर तुलाच विचारणार आहेत.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी कमी वयात दिसतो. चाळिशीत, पंचेचाळिशीत. याचा अर्थ बरं झाल्यावर जगायची वर्षं जास्त आहेत, तीस, चाळीस वर्षं. छानच आहे ना! त्या वर्षांसाठी एक कागद सांभाळायला काय जातं?

तर आज घरी गेल्यावर, नाहीतर शनिवार-रविवारी, ती कपाटातली पिशवी काढा. काय आहे, काय नाही बघा. काय सापडलं ते कमेंटमध्ये सांगा, पण कुणाचे रिपोर्ट तिथे टाकू नका, खाजगी असतात. एपिसोड उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर पाठवा. फॉरवर्ड करायचंच तर हे करा!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.